उरोस्थीमागची पाठशाळा

हर्णे, मुरूड, आंजर्ले, केळशी या दापोली तालुक्याच्या किनारपट्टीत हवा बहुतेक वर्षभर दमट असते. तेथील घरांत लहान मुलाचा खोकला हा काळजीपेक्षा सवयीचाच विषय अधिक. आठ-दहा वर्षांचे मूल खोकू लागले, जिना चढताना धापा टाकू लागले, की आधी सुंठ-तुळशीचा काढा होतो, मग गावातल्या डॉक्टरांचे औषध. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. क्वचित एखाद्या वेळी मात्र भागत नाही. मानेतील गाठी वाढतात, सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, मूल उताणे झोपू शकत नाही, अंगावर मार न लागता निळसर डाग उमटतात, ताप उतरत नाही. छातीचे क्ष-किरण चित्र काढल्यावर हृदयाच्या वर, उरोस्थीच्या मागे एक रुंद सावली दिसते आणि रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या हजारांऐवजी लाखांत निघते.

हा टी-पेशींचा तीव्र रक्तकर्करोग असू शकतो. लहान मुलांच्या रक्तकर्करोगांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. पाश्चात्त्य देशांत त्याच्या शंभर बालरुग्णांपैकी दहा ते पंधरा जणांत तो टी-पेशींतून उद्भवलेला असतो. भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण त्याहून अधिक आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत आणि शाळकरी व किशोर वयात तो जास्त दिसतो. निदान कानी पडताच घरातला पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ‘आमच्या हातून काय चुकले?’ हा असतो. कोणी आईच्या गर्भारपणातील आहाराकडे बोट दाखवतो, कोणी नजर लागली म्हणतो, कोणी मोबाइलला दोष देतो. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हवे असेल, तर छातीतील एका लहानशा ग्रंथीत काय घडते, हे समजून घ्यावे लागते.

दुर्लक्षित ग्रंथी

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या माथ्यावर थायमस नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे सार्थ नाव आहे. बालपणी ती भरदार असते. तारुण्यात पदार्पण होताच आटू लागते आणि पुढे तिची जागा बहुतांशी चरबी घेते. प्रौढ माणसाच्या शरीरात ती जवळजवळ दिसेनाशी होत असल्यामुळे तिला काही काम असावे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाला वाटतच नव्हते.

हा समज मोडला तो रक्तकर्करोगाच्याच अभ्यासातून. लंडनमध्ये जाक मिलर हे तरुण संशोधक उंदरांना विषाणूमुळे होणाऱ्या रक्तकर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्या रोगाची सुरुवात थायमसमध्ये होते, हे ठाऊक असल्याने त्यांनी नवजात पिलांची ती ग्रंथी काढून पाहिली. थोड्याच आठवड्यांत ती पिले रोडावली, जंतुसंसर्गाला बळी पडू लागली आणि दुसऱ्या उंदराची कातडी त्यांच्यावर लावली असता त्यांचे शरीर ती नाकारीनासे झाले. 1961 मध्ये मिलर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: आपले आणि परके ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी याच ग्रंथीत घडतात. पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना टी-पेशी म्हणू लागले.

प्रवेश, पारख आणि गळती

टी-पेशीचा जन्म थायमसमध्ये होत नाही. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत मूळपेशी असतात. तेथून निघालेली काही बीजे रक्तावाटे थायमसमध्ये येतात. येताना ती अजून अनिश्चित असतात. त्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी होऊ शकतात. थायमसच्या भिंतीतील पेशी त्यांना एक आदेश देतात. आगंतुक पेशीच्या पृष्ठभागावर नॉच नावाचे प्रथिन असते. भिंतीतील पेशी आपल्या प्रथिनाने त्याला स्पर्श करून ओढते. ती ओढ बसली की नॉच तुटते आणि त्याचा आतील तुकडा थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके जागी करतो. आदेशाचा अर्थ असा: ‘तू टी-पेशीच हो. सध्या वाढ, तुझी संख्या वाढव. परीक्षा पुढे आहे.’

नॉच म्हणजे इंग्रजीत खाच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अमेरिकेतील प्रयोगशाळेत पाळलेल्या फळमाश्यांत पंखाच्या कडेला खाच असलेली माशी आढळली. त्यावरून हे नाव पडले. ज्या जनुकातील बिघाडाने माशीच्या पंखाला खाच पडते, त्याचेच भाऊबंद माणसाच्या छातीत टी-पेशी घडवतात, हे कळायला पुढची कित्येक दशके गेली.

आदेश मिळाल्यावर पेशी आपला ग्राही घडवू लागते. ग्राही म्हणजे परक्या जंतूच्या अंशाला ओळखून धरणारे प्रथिन. जगात जंतू असंख्य, तर माणसाच्या सगळ्या जनुकांची संख्या सुमारे वीस हजार. प्रत्येक जंतूसाठी वेगळे जनुक बाळगणे शक्य नाही. म्हणून निसर्गाने येथे विलक्षण काटकसर केली आहे. ग्राहीचे जनुक सुट्या तुकड्यांत ठेवलेले असते आणि प्रत्येक पेशी त्यांतील काही तुकडे निवडून, कापून, नव्याने जोडून आपला स्वतंत्र ग्राही तयार करते. थोड्या मालातून कोट्यवधी नमुने निघतात. ही कापाकापी करणारी रॅग नावाची जनुकांची जोडी 1989-90 मध्ये अमेरिकेत सापडली.

यानंतर पारख होते आणि ती कठोर असते. ज्या पेशीचा ग्राही जुळूनच आला नाही, ती मरते. ज्या पेशीला स्वतःच्या शरीराची खूणच ओळखता येत नाही, ती मरते; कारण ती पुढे निरुपयोगी ठरेल. उलट, जी स्वतःच्या शरीरावरच जोराने झडप घालू पाहते, तिलाही बहुधा येथेच मरण येते किंवा वेगळ्या कामाला जुंपले जाते. या शेवटच्या कसोटीसाठी थायमसमध्ये स्वादुपिंड, त्वचा, डोळा अशा दूरच्या अवयवांतील प्रथिनांचेही नमुने मांडलेले असतात. सराफ जसे नाणे कसोटीवर घासून पाहतो, तशी प्रत्येक पेशी घासून पाहिली जाते. शंभरातून उत्तीर्ण होतात त्या अवघ्या दोन-चार. नापास पेशी कोणी बाहेरून मारीत नाही. त्या आपल्या आतील सूचनेने शांतपणे विरून जातात. निरोगी बालकाच्या छातीत हे अखंड चालू असते आणि आरोग्य याच गळतीवर उभे असते.

न मिटणारा आदेश

या पाठशाळेत दोन गोष्टी धोक्याच्या आहेत. एक, येथे पेशींची वाढ फार वेगाने होते. दुसरी, येथे जनुकांची कापाकापी नेमाची बाब आहे. जेथे रोज एवढे कापले आणि जोडले जाते, तेथे क्वचित एखादा सांधा चुकतो.

1991 मध्ये बोस्टनमधील संशोधकांना टी-पेशींच्या रक्तकर्करोगाच्या काही थोड्या रुग्णांत असा एक सांधा सापडला. नवव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून सातव्या गुणसूत्रावरील टी-पेशीच्या ग्राहीच्या जनुकाला जोडला गेला होता. त्या तुटलेल्या जागी होते माणसातील नॉच जनुक. असे रुग्ण अत्यंत विरळ असल्यामुळे या शोधाकडे बराच काळ एक अपवाद म्हणून पाहिले गेले. 2004 मध्ये बोस्टनच्याच जॉन अ‍ॅस्टर, थॉमस लुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या अनेक रुग्णांतील नॉच जनुक अक्षर न् अक्षर वाचून पाहिले. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्यात बिघाड होता. गुणसूत्र मोडलेले नव्हते. एखाद-दुसरे अक्षर बदललेले किंवा गळालेले होते.

बिघाड प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळले. पहिल्या ठिकाणच्या चुकीने नॉचची कडी सैल पडते. भिंतीतील पेशीने ओढले नाही तरी आदेश सुटतो. दुसऱ्या ठिकाणच्या चुकीने आदेशाचा कागद वेळेवर फाडला जात नाही. काम झाल्यावर जो तुकडा नष्ट व्हायला हवा, तो केंद्रकात रेंगाळतो. काही रुग्णांत दोन्ही चुका एकत्र असतात. परिणाम एकच: ‘सध्या वाढ, परीक्षा पुढे आहे’ हा तात्पुरता आदेश कायमचा होऊन बसतो. याच्या जोडीला बऱ्याच रुग्णांत पेशीची वाढ रोखणारे दुसरे एक जनुकही हरवलेले असते. मग वाढवणारा हात सुटत नाही आणि रोखणारा हात उरत नाही. पेशी ना शिकून बाहेर पडते, ना नापास होऊन विरते. छातीत तिची दाटी होते, श्वासनलिकेवर दाब येतो, म्हणून खोकला व धाप. पुढे ती अस्थिमज्जा भरून टाकते. तांबड्या पेशी व रक्तबिंबिका यांना जागा उरत नाही, म्हणून फिकटपणा व निळे डाग. संरक्षक पेशीच अपुऱ्या शिकलेल्या, म्हणून वरचेवर ताप.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. हा रोग बाहेरून आलेला नसतो आणि तो संसर्गजन्य नाही. बहुतेक मुलांत तो आई-वडिलांकडून आलेलाही नसतो. बिघाड त्या मुलाच्याच एका पेशीत, विभाजनाच्या ओघात, योगायोगाने घडतो. आईने गर्भारपणी काय खाल्ले, घरात कोणता नेम मोडला, याचा त्याच्याशी संबंध जोडायला आधार नाही. ज्या वेगवान वाढीमुळे बालकाला संरक्षण मिळते, त्या वाढीतच हा धोका दडलेला आहे. आधीच खचलेल्या मातेवर दोषाचे ओझे घालणे हे अज्ञान तर आहेच, पण ती हिंसाही आहे.

मुंबईतून निघालेली एक वाट

या रोगावरील औषधांचा एक धागा मुंबईत सुरू होतो. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातील गर्भवती कामगार स्त्रियांना होणारा जीवघेणा रक्तक्षय हा त्यांचा विषय होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेले. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याच्याशी हुबेहूब साम्य असलेली, पण त्याचे काम अडवणारी द्रव्येही बनविली. त्यांपैकी एक, अमिनोप्टेरिन, बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनी रक्तकर्करोगाच्या बालकांना दिले. 1948 मध्ये त्यांनी नोंदविलेल्या 16 मुलांपैकी 10 जणांत रोग काही काळ मागे हटला. रक्तकर्करोग औषधाने हटतो, याचा तो पहिला ठोस पुरावा होता. अमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिला जातो.

दुसरे औषध कोकणातल्या अंगणातून ओळखीचे आहे. विन्क्रिस्टिन हे सदाफुलीपासून मिळते. 1960 च्या दशकाच्या आरंभी ते उपचारात आले. मात्र त्याचे प्रमाण पानांत इतके अत्यल्प असते, की औषधाच्या थोड्याशा राशीसाठी कित्येक क्विंटल पाला लागतो. त्याच वनस्पतीत इतर विषारी द्रव्येही असतात. म्हणून सदाफुलीच्या पानांचा काढा देऊन रक्तकर्करोग बरा करू पाहणे व्यर्थ तर आहेच, शिवाय घातकही आहे.

भारतात या औषधांची शिस्तबद्ध मांडणी 1984 च्या सुमारास झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकच उपचारक्रम स्वीकारला. जेथे पूर्वी फार थोडी मुले वाचत, तेथे त्यानंतर निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली. आज पाश्चात्त्य देशांत टी-पेशींच्या रक्तकर्करोगाच्या दर दहा मुलांपैकी आठ किंवा त्याहून अधिक मुले बरी होतात.

घाईने थांबणारी माणसे

उपचारात एक विचित्र काळ येतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत छातीतील गाठ विरते, सूज जाते, मूल हसू-खेळू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसते. घरच्यांना वाटते, रोग गेला. प्रत्यक्षात शरीरात लक्षावधी रोगट पेशी शिल्लक असू शकतात. काही मेंदूभोवतीच्या द्रवात दडतात, जेथे शिरेतून दिलेली अनेक औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून पाठीच्या कण्यातून सुई देऊन औषध घालावे लागते. त्यानंतर महिनोन्‌महिने दृढीकरण आणि शेवटी घरी घ्यावयाच्या गोळ्या, असा सारा क्रम दोन ते तीन वर्षांचा असतो. व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही, की वर्षअखेरीस ताळेबंद जुळलेला दिसला तरी रुजवात केल्याशिवाय खाते मिटवता येत नाही. शेवटच्या गोळ्यांचे महिने ही या रोगाची रुजवात होय.

रोगी पेशीला थांबता येत नाही, आणि उपचार मात्र माणसे वेळेआधी थांबवतात. हर्णेसारख्या ठिकाणाहून मुंबईला वारंवार जाणे सोपे नाही. दापोलीहून रात्रीची एस.टी. किंवा खेडहून रेल्वे, परळमधील मुक्काम, दुकान बंद, दुसऱ्या मुलाची शाळा. दोन वर्षे हे पेलायचे असते. एकदा सोडलेला उपचार पुन्हा सुरू करताना रोग बहुधा औषधांना दाद देईनासा झालेला असतो आणि उलटलेला टी-पेशींचा रक्तकर्करोग बरा होणे फार कठीण. टाटा रुग्णालयाच्या बालविभागाने निवास, आहार, आर्थिक साहाय्य आणि पाठपुरावा यांची सांगड घातल्यावर उपचार अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण बरेच खाली आले. म्हणजे औषध तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो राहायच्या खोलीने, जेवणाने आणि ‘का आला नाहीत?’ असे विचारणाऱ्या दूरध्वनीने.

आरंभीच्या दिवसांत आणखी एक सावधगिरी हवी. दम्याच्या समजुतीने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कोवळ्या टी-पेशी काही दिवस विरघळतात. मूल बरे वाटू लागते, तपासणीत खूण पुसट होते आणि निदान लांबते. क्षयरोगाच्या समजुतीनेही असाच वेळ जातो. म्हणून खोकल्यासोबत मानेत गाठी, चेहऱ्यावर सूज, फिकटपणा किंवा निळे डाग असतील, तर गोळ्यांआधी रक्ताची संपूर्ण गणना आणि छातीचे चित्र करून घेणे इष्ट. एवढ्यासाठी मुंबईपर्यंत जावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, याचीही चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

उपचार चालू असताना मुलाची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर येते. उकळून गार केलेले पाणी आणि ताजे शिजवलेले अन्न हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता येथे उपयोगी पडतो. उपवास मात्र या काळात वर्ज्य समजावा. पर्युषणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला एकाशनालाही बसवू नये.

औषध झालेली टी-पेशी

या कथेला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखणारा नवा ग्राही बसवून परत देण्याची पद्धत देशात विकसित केली. नेक्सकार19 या नावाच्या या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशा उपचाराच्या सुमारे दहाव्या भागाएवढ्या खर्चात तो उपलब्ध झाला.

हा उपचार बी-पेशींच्या रोगांसाठी आहे. टी-पेशींच्या रोगात अडचण अशी, की सैनिक आणि शत्रू एकाच गणवेशात असतात. नव्या पेशी एकमेकींनाच मारू लागतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात 2022 मध्ये या अडचणीवर वाट काढण्यात आली. एका निरोगी दात्याच्या टी-पेशींतील काही जनुकांची अक्षरे बदलून त्यांचा गणवेश उतरविला गेला आणि मग त्या 13 वर्षांच्या एका मुलीला दिल्या गेल्या. सारे उपाय थकलेल्या त्या मुलीच्या शरीरातून रोग हटला. नंतर तिला अस्थिमज्जा देण्यात आली.

ज्यांचा रोग उलटतो, त्यांना आजही बहुधा दात्याच्या मूळपेशींची गरज लागते. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. इतरांसाठी दात्यांच्या नोंदणीत शोध घ्यावा लागतो, आणि तेथे स्वतःच्या समाजातील दाता जुळण्याचा संभव अधिक असतो. कारण पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरीक होत आलेल्या समाजात पेशींवरील त्याच त्या खुणा पुन्हा पुन्हा आढळतात. आपल्या समाजातील तरुण अशा नोंदणीत जितके थोडे, तितकी आपल्याच मुलांची आशा थोडी. नोंदणीला गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो आणि पुढे कधी दान करायची वेळ आलीच, तर ते बहुतेकदा रक्तबिंबिका देण्यासारखेच, हाताच्या शिरेतून होते.

समाजाच्या मेळाव्यांत रक्तदान शिबिरे नेहमी होतात. त्याच मंडपात एक टेबल या नोंदणीसाठी मांडता येईल. परळ किंवा खारघरला उपचारासाठी आलेल्या एखाद्या कोकणी कुटुंबाच्या दोन वर्षांच्या खोलीभाड्याची जबाबदारी चार दुकाने मिळून उचलू शकतील. तेवढ्या आधाराने एखाद्या मुलाच्या शेवटच्या गोळ्या वेळेवर पूर्ण होतील.